टर्बो सीचा जुना कोड ६४-बिट जीसीसीवर नेताना

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या गाळ्यातून टर्बो सी या जुन्या कंपायलरवर लिहिलेला, डॉसवरचा वजनकाट्याचा प्रोग्रॅम लिनक्सच्या जीसीसी कंपायलरवर न्यायला आला, की मी आधी ‘फार’ आणि ‘ह्यूज’ हे पॉइंटरचे जुने शब्द उडवतो. सेगमेंटचे तुकडे नसलेल्या सपाट मेमरीत त्यांचं काम नाही. बी८०० सेगमेंटमध्ये, म्हणजे डॉसच्या स्क्रीन मेमरीत, थेट लिहिणारा कोड मात्र एनकर्सेस या टर्मिनल-स्क्रीनच्या लायब्ररीत नव्यानेच लिहा, डागडुजीत वेळ घालवू नका.

खरी मेख डेटा फायलींत. टर्बो सीत इंट हा पूर्णांक २ बाइटचा, लाँग ४ चा. ६४-बिट लिनक्सवर ४ आणि ८. म्हणून स्ट्रक्चरमध्ये त्यांच्या जागी इंट१६_टी, इंट३२_टी हे ठरावीक २ आणि ४ बाइटचे प्रकार घाला. तरी एक कॅर (१ बाइट) आणि एक लाँग मिळून जुने ५ बाइट जीसीसीत ८ होतात, मधे ३ बाइटची भर पडते. म्हणून स्ट्रक्चरला ही भर काढणारं पॅक्ड लावा, साइझऑफने त्याचा आकार छापा, आणि फायलीच्या लांबीला त्या आकाराने पूर्ण भाग जातो का बघा. फायलीच्या सुरुवातीला वेगळा हेडर असेल तर आधी तेवढं वजा करा.