माटुंग्याला केमिकल इंजिनिअरिंगमध्ये संशोधन करायला येताय?

आयसीटीत, म्हणजे माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, मास्टर्सला किंवा पीएचडीला प्रवेश मिळाला की नवी मुलं दोन गोष्टी हमखास विचारतात: टॉपिक कुठला घेऊ आणि गाईड कोण चांगले. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्याच्याही आधी एक गोष्ट बघून घ्यावी असं माझं ठाम मत आहे. ज्या लॅबमध्ये तुम्ही पुढची काही वर्षं काढणार, तिथे आकडा कसा मोजतात आणि तो बरोबर आहे याची खात्री कशी करून घेतात? माझं मास्टर्स आणि पीएचडी दोन्ही माटुंग्यालाच झालं. आता मी तारापूरला प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये आहे. टॉपिक केव्हाच मागे पडला, मोजायची शिस्त मात्र रोज वापरते.

ही शिस्त या जागेच्या इतिहासातच आहे. गिरण्यांच्या मुंबईत 1933 साली मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला, 1943 मध्ये तो माटुंग्याला आला आणि 2008 मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जुने लोक अजून यूडीसीटीच (युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) म्हणतात. रंग, कापड, तेल, अन्न, औषधं, पॉलिमर असे उद्योगाला चिकटलेले विभाग एकाच आवारात असल्यामुळे प्रश्नही बरेचदा कारखान्यातूनच येतात. केंब्रिजहून पीएचडी करून आलेले प्रा. मनमोहन शर्मा 1964 मध्ये इथे प्राध्यापक झाले. वायू द्रवात विरघळतो आणि तिथे अभिक्रिया होते, तेव्हा वेग नक्की कशामुळे ठरतो, विरघळण्यामुळे की अभिक्रियेमुळे, यावर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आयुष्यभराचं काम केलं. 1990 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्यांनी धरून ठेवलेला तो प्रश्न तुमच्याही पहिल्या प्रयोगात तुमच्यासमोर येणारच आहे.

समजा तुम्हाला घन उत्प्रेरक वापरून एक साधी एस्टरिफिकेशनची (आम्ल आणि अल्कोहोलपासून एस्टर बनवण्याची) अभिक्रिया दिली आहे. शंभर मिलीचा रिअ‍ॅक्टर, वर ढवळणारी मोटर, बाजूला तापमानाचा कंट्रोलर. नवीन मुलगा लगेच तापमान बदलून बघायला लागतो. सिनिअर त्याला थांबवतात आणि आधी ढवळण्याचा वेग बदलायला सांगतात. 600, 800, 1000 आरपीएम (मिनिटाला फेरे). 600 वर रूपांतर (किती कच्चा माल बदलला ते) कमी आलं आणि 800 व 1000 वर सारखंच आलं, तर 800 च्या पुढे द्रवातून कणापर्यंत पोचण्याचा अडथळा उरलेला नाही असं धरता येतं. मग उत्प्रेरकाच्या कणांचा आकार बदलायचा, म्हणजे कणाच्या आतल्या छिद्रांतून रेणू सरकायला वेळ लागतोय का ते कळतं. मग उत्प्रेरकाचं प्रमाण. तापमानाची पाळी या सगळ्यानंतर येते. तापमान बदलून काढलेली अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी (अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा) मोलमागे दहा-पंधरा किलोज्यूल इतकीच आली, तर आलेख कितीही सरळ दिसला तरी मागे जाऊन ढवळणं आणि कणांचा आकार पुन्हा तपासायचा. तो आकडा बहुधा रसायनाचा नसतो, रेणूंच्या वाहतुकीचा असतो.

इथे बारीक गोष्टी फार आहेत आणि त्या पुस्तकात सापडत नाहीत. दर पंधरा मिनिटांनी एक मिली सॅम्पल काढलं की रिअ‍ॅक्टरमधलं द्रव कमी होत जातं. पन्नास मिलीपासून सुरुवात केली असेल तर आठव्या सॅम्पलपर्यंत आकारमानात मोठा फरक पडलेला असतो आणि तो हिशेबात धरावा लागतो. सॅम्पल काढल्या काढल्या त्यातला उत्प्रेरक वेगळा केला नाही, तर गॅस क्रोमॅटोग्राफच्या (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) रांगेत थांबलेल्या बाटलीतही अभिक्रिया चालूच राहते. उत्प्रेरक पुन्हा वापरून बघताना गाळणीच्या कागदावर थोडा चिकटून राहतो, म्हणून धुऊन, वाळवून त्याचं वजन करायचंच. नाहीतर घटलेलं वजन आणि घटलेली क्रियाशीलता यांतला फरक कळणार नाही.

आमच्या लॅबमधल्या एक सिनिअर ताई कुणाचाही आलेख बघायच्या आधी एकच विचारायच्या, “बॅलन्स किती येतोय?” म्हणजे जेवढे मोल आत घातले तेवढे बाहेर सापडताहेत का. पंच्याण्णव टक्क्यांच्या वर हिशेब लागला तरच पुढचं बोलणं. ऐंशीच येत असेल तर कुठेतरी गळती आहे, किंवा एखादा उपपदार्थ बनतोय आणि तो तुमच्या क्रोमॅटोग्राफच्या कॉलममध्ये दिसतच नाहीये. कधीकधी त्या न दिसणाऱ्या वीस टक्क्यांतच थिसिसचा सगळ्यात चांगला भाग निघतो. म्हणून हिशेब लागला नाही की कंटाळू नका, तिथेच थांबा.

कारखान्यात गेल्यावर याची किंमत कळते. शंभर मिलीवरून हजार लिटरवर गेलं की आकारमान दहा हजार पटींनी वाढतं, पण त्याच आकाराच्या भांड्याचा थंड करता येईल असा पृष्ठभाग साधारण 464 पटींनीच वाढतो. म्हणजे दर लिटरमागे थंड करायला मिळणारी जागा एकविसाव्या हिश्श्याहूनही कमी. काचेच्या रिअ‍ॅक्टरमध्ये जाणवतही नाही अशी उष्णता तिथे धोकादायक ठरू शकते. लॅबमध्ये वेग आणि उष्णता नीट मोजली नसेल, तर त्या धोक्याचा अंदाज प्लांटमधल्या माणसाला कशावरून यावा?

आता गाईडबद्दल. मोठं नाव असलेल्या गाईडकडे मुलं जास्त असतात, म्हणून तुमचं रोजचं शिक्षण बरंचसं सिनिअरकडून होणार. लॅबमध्ये कोण कुठल्या वर्षाला आहे, कोण लवकरच जाणार आहे, हे बघा. तिसऱ्या-चौथ्या वर्षाची दोन चांगली माणसं लॅबमध्ये असणं मी फार मोलाचं मानते. गाईड मात्र मसुदा वाचणारे हवेत. शेवटच्या पानापर्यंत लाल पेनाच्या खुणा करणारे सर किंवा मॅडम मिळाले तर भाग्य समजा.

मराठी माध्यमातून आलेल्यांना सेमिनारची धास्ती असते. ती मी जवळून पाहिली आहे आणि तिच्यापायी हुशार मुलं गप्प बसतात याचं मला फार वाईट वाटतं. लॅबमधली चर्चा मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळूनच चालते, तिथे मनमोकळं बोला. सेमिनारसाठी प्रत्येक आलेखाबद्दल तीन इंग्रजी वाक्यं तयार ठेवा: अक्षांवर काय आहे, काय दिसतंय, त्यावरून काय म्हणता येतं. परीक्षक बहुतेक वेळा तेवढंच विचारतात.

पैशांचं स्पष्ट सांगते. गेट परीक्षेतून मास्टर्सला आलात तर शिष्यवृत्ती महिन्याला 12,400 रुपये. पीएचडीला नेट परीक्षेतून मिळणारी यूजीसी किंवा सीएसआयआरची जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) असेल तर 2023 पासून 37,000, पुढे एसआरएफला (सिनिअर रिसर्च फेलोशिप) 42,000, घरभाडं वेगळं. नेट निघाली नसेल तर आपापल्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. कुठल्याही फेलोशिपची रक्कम मागेपुढे होऊ शकते, म्हणून दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी असू द्या. मुदतीचं म्हणाल तर यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, त्यात कोर्सवर्क धरलेलं.

प्रवेश पक्का करण्याआधी एक दिवस काढून माटुंग्याला या. आधी मेल करून परवानगी घ्या. लॅबमध्ये गेल्यावर क्रोमॅटोग्राफचं लॉगबुक बघायला मागा. शेवटची नोंद कधीची आहे आणि कॅलिब्रेशन कधी झालंय हे त्यात दिसतं. मशीन बंद पडलं तर दुरुस्तीला कोण बोलावतं आणि साधारण किती दिवस जातात, ते तिथल्या मुलांना विचारा. एखादं रसायन किंवा सिलिंडर मागवायला कोटेशनपासून हातात येईपर्यंत किती वेळ लागतो, तेही विचारा. आणि नुकतीच सबमिट झालेली एखादी थिसिस मागून घेऊन तिच्यातलं प्रयोगपद्धतीचं प्रकरण तिथेच बसून वाचा.