ठाण्याच्या दमट हवेत माचा ताजा कसा ठेवावा

माचाच्या, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या पुडीच्या, डब्यावर बहुतेक वेळा ‘थंड आणि कोरड्या जागी ठेवा’ एवढंच छापलेलं असतं. सूचना बरोबर आहे, फक्त ती पाळायची कशी हे ठाण्या-नवी मुंबईतल्या माणसाने स्वतःच ठरवायचं असतं. इथे पावसाळ्यात थंड जागा शोधावी तर ती कोरडी नसते आणि कोरडी शोधावी तर ती थंड नसते. वाटीत उघडा राहिलेला चिवडा तासा-दोन तासांत सादळतो, मग मैद्याहून बारीक दळलेल्या चहाची काय कथा! शिवाय वस्तू महाग. म्हणून विकत घेण्यापासूनच सांभाळून चालावं.

माचाची झाडं तोडणीआधी साधारण तीन आठवडे सावलीत वाढवतात, त्यामुळे पानांत हरितद्रव्य भरपूर साठतं. पानं वाफवून, वाळवून, देठ आणि शिरा काढल्यावर उरतो तो तेंचा. तो दगडी जात्यात दळला की माचा झाला. हे जातं तासाला जेमतेम ३०-४० ग्रॅम दळतं, कारण घाई केली तर दगड तापतात आणि वास उडतो. वसंतात तोडलेला तेंचा मातीच्या बरणीत सीलबंद करून नोव्हेंबरात उघडायची जपानमध्ये जुनी रीत आहे, तिला कुचिकिरी म्हणतात. आपल्या कामाचा मुद्दा असा की सहा महिने टिकवतात ते अख्खं पान. दळण बरणी उघडल्यावर. एकदा दळलं की कण न् कण हवेला उघडा पडतो. मग हवा, उजेड आणि उष्णता मिळून हरितद्रव्य मोडतात, हिरवा रंग शेवाळी होत जातो, वास विरतो आणि कडवटपणा तेवढा मागे राहतो. ओल शिरली तर हे सगळं लवकर होतं.

घेताना

एका कपाला साधारण २ ग्रॅम माचा लागतो, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. ३० ग्रॅमच्या डब्यात १५ कप होतात. रोज एक कप घेणाऱ्याचा डबा पंधरवड्यात संपतो, आणि दुधातला गडद लाटे करणाऱ्याचा त्याहून लवकर. उघडलेला डबा एरवी महिना-दीड महिना चांगला राहतो. जून ते सप्टेंबर मी महिन्याच्या वर धरणार नाही. १०० ग्रॅमचं पाकीट ग्रॅमच्या हिशोबात स्वस्त दिसतं, पण घरात पिणारं माणूस एकच असेल तर त्यातला शेवटचा तिसरा हिस्सा नावापुरताच माचा असतो. दोन लहान सीलबंद डबे घेणं परवडतं.

तारीख बघूनच घ्या. जपानी डब्यावर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम असतो, त्यामुळे घाईत वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. भारतात आयात केलेल्या डब्यावर वेगळं लेबल चिकटवलेलं असतं, तेही वाचा. मुदत संपायला दोन महिने उरलेत म्हणून सवलतीत मिळणारा माचा आठवडाभरात केक करायचा असेल तरच घ्यावा.

ऑनलाइन मागवताना एप्रिल-मेमध्ये घरी कोणी असेल असाच दिवस निवडा. सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या पत्र्याच्या केबिनमध्ये दुपारभर तापलेलं पार्सल नंतर फ्रीजमध्ये ठेवून गेलेला वास परत येत नाही.

फ्रीज: ठेवायचं बरोबर, उघडायचं चुकीचं

आता मुख्य गोष्ट. फ्रीजमध्ये ठेवल्याने माचा खराब होतो असं काही जण सांगतात, काही जण फ्रीजशिवाय ठेवूच नका म्हणतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, कारण नुकसान फ्रीजमध्ये होत नाही, गार डबा ओट्यावर उघडला की होतं. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर साधारण २६ अंशांहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर हवेतलं पाणी जमतं. फ्रीजमधला डबा असतो ४-५ अंशांवर. बाहेरून त्याला सुटलेला घाम आपल्याला दिसतो. झाकण उघडताच तेच पाणी आतल्या गार पावडरीवर बसतं, ते दिसत नाही. रोज सकाळी असं झालं की दहाव्या दिवशी खडे होतात आणि दोष कंपनीला जातो.

यावर उपाय म्हणजे साठ्याचा डबा आणि रोजचा डबा वेगळे करणं. न उघडलेले डबे थेट फ्रीजमध्ये जाऊ द्या. जागा मधल्या कप्प्यात, मागच्या बाजूला. दारातल्या कप्प्यात नको, तिथे दर उघडझापीला तापमान हलतं. खालच्या भाजीच्या ड्रॉवरमध्ये तर अजिबात नको, तो मुळात ओलावा धरून ठेवण्यासाठीच केलेला असतो. चार-सहा महिन्यांसाठी ठेवायचं असेल तर सीलबंद डबा फ्रीझरमध्येही चालतो. दुपारभर लाईट गेली तर फ्रीज उघडून चौकशी करू नका, बंद दारामागे सीलबंद डब्याला काही होत नाही.

डबा काढायचा तो आदल्या रात्री. तसाच बंद, ओट्यापासून लांब, टेबलावर ठेवा. फ्रीजमधल्या छोट्या डब्याला बाहेरच्या तापमानाला यायला दोन-तीन तास पुरतात, फ्रीझरमधल्याला रात्रभर द्यावा. वर जमलेलं पाणी कोरड्या फडक्याने पुसा, झाकणाच्या कडेची खाचही पुसा, आणि हाताला गार लागत नाही याची खात्री करून मगच उघडा.

उघडल्यावर आठवडाभर पुरेल एवढा, म्हणजे १४-१५ ग्रॅम, एका लहान डब्यात काढा. उरलेला लगेच घट्ट बंद करून परत फ्रीजमध्ये. रोजचा लहान डबा बाहेरच राहू द्या, त्याला फ्रीजची सवय लावायची नाही. आठवड्यात त्याचा रंग थोडा उतरेल, पण रोज पाणी धरण्यापेक्षा तो तोटा फारच कमी. याने साठ्याचा डबा महिन्यातून तीन-चारदाच उघडतो, आणि तोही दर वेळी बाहेरच्या तापमानाला आल्यावर.

ज्यांच्या घरी एसी आहे त्यांनी हे काढघालीचं काम बेडरूममध्ये करावं. एसी हवेतलं पाणी काढून टाकतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये अर्धा तास एसी लावलेली खोली ही घरातली सगळ्यात कोरडी जागा असते. पंखा तेवढा बंद करा, नाहीतर माचा चादरीवर.

मोठं पाकीट आधीच घेऊन बसला असाल तर असाच एखादा मोकळा तास काढून ते एकाच वेळी लहान-लहान झिप-लॉक पिशव्यांत वाटून घ्या. आत चांदीसारखं अस्तर असलेल्या पिशव्या घ्या. हवा दाबून काढा, प्रत्येक पिशवीवर तारीख लिहा आणि सगळ्या मिळून एका घट्ट डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा. डिसेंबर-जानेवारीत तुलनेने कोरडी हवा असते, तेव्हा हे काम सोपं जातं.

डबा कुठला

घरोघरी असतात ते दाबून बसवायच्या झाकणाचे स्टीलचे डबे डाळ-तांदळाला उत्तम, पण त्यांतून हवा आत-बाहेर होते. माचासाठी आत दुसरं झाकण असलेला पत्र्याचा चहाचा डबा किंवा रबरी कडेचा, क्लिपने आवळणारा डबा घ्या. जांभळी नाक्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात दोन्ही मिळावेत, फक्त आकार हट्टाने लहान मागा. अर्ध्याहून जास्त रिकामा डबा म्हणजे अर्ध्याहून जास्त हवा.

कॉफीची रिकामी काचेची बाटली झाकणाच्या दृष्टीने बरी, पण उजेड आत येतो. ती वापरायचीच असेल तर बंद कपाटात. मसाल्याचा जुना प्लॅस्टिकचा डबा कितीही घासला तरी हळद आणि हिंग सोडत नाही, आणि माचा आजूबाजूचा वास पटकन ओढतो. म्हणूनच फ्रीजमध्ये लसणाची चटणी, चिरलेला कांदा किंवा सुकटीचा डबा शेजारी असेल तर माचाला दुहेरी आवरण हवं, आधी पिशवी, मग डबा.

धान्य टिकवायच्या आपल्या युक्त्या इथे चालवू नका. लवंगा, कडुलिंबाचा पाला, मिठात टाकतात तसे तांदळाचे दाणे, यांतलं काहीही माचात पडलं की चव गेलीच. ओलावा शोषायला अन्नासाठीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या मिळतात. पुडी पावडरीत खुपसायची नाही, बाहेरच्या मोठ्या डब्यात ठेवायची. बुटांच्या खोक्यातली पुडी कितीही चांगली दिसली तरी ती बुटांसाठीच असते.

रोजच्या डब्याची जागा गॅसच्या वरच्या कपाटात नको, फ्रीजच्या माथ्यावरही नको, ती जागा कायम कोमट असते. सिंकच्या खालच्या ट्रॉलीत ओल. दिवाणखान्यातलं किंवा पॅसेजमधलं आतल्या भिंतीचं कपाट बरं. खाडीच्या बाजूला खिडकी असेल तर त्या भिंतीपासून लांब.

रोज वापरताना

चमचा कोरडा हवा. पुसलेला नव्हे, कोरडा. पाणी उकळत असलेल्या पातेल्यावर वाकून डबा उघडू नका, आधी कपात माचा काढा, झाकण लावा, मग पाण्याकडे वळा. तसंही माचाला ७०-८० अंशांचं पाणी लागतं, त्यामुळे उकळलेलं पाणी निवेपर्यंत वेळ मिळतोच. चाळायचा तोही त्या कपापुरता. सगळा डबा एकदम चाळून ठेवला तर त्यात नव्याने हवा खेळते.

गुठळ्या दिसल्या की घाबरायचं कारण नाही. बारीक पावडर स्थिर विजेनेही गोळा होते, अशी गुठळी बोटाने दाबताच भुगा होते. दाबून न फुटणारा, कडक खडा मात्र ओल गेल्याचा. डबा उघडल्यावर कुबट वास आला किंवा पांढुरकी बुरशी दिसली तर चाळून वाचवायचा प्रयत्न न करता सगळा टाकून द्या.

नुसता जुना झालेला माचा ओळखायला पांढऱ्या कागदावर चिमूटभर पसरा आणि दिवसाच्या उजेडात बघा. ताजा झगझगीत हिरवा दिसतो, जुना पिवळसर-शेवाळी. वास वाळलेल्या गवताचा येतो. तो पिण्याने अपाय होत नाही, पण पाण्यात घुसळून प्यायची मजा नाही. अशा वेळी त्याला साखर आणि दुधाच्या हवाली करावं. केक, बिस्किटं, कुल्फीत तो खपून जातो. श्रीखंडात घालायचा असेल तर आधी दोन चमचे दुधात गुठळी न राहता कालवून घ्या, थेट चक्क्यात टाकला तर हिरवे ठिपके राहतात.

रोजचा डबा रिकामा झाला की त्यात जुन्यावर नवा माचा ओतू नका. तळाशी चिकटलेली पावडर कोरड्या ब्रशने किंवा कागदाने झटकून घ्या. धुवावाच लागला तर पुसून झाल्यावर झाकण आणि डबा वेगवेगळे, उपडे न घालता रात्रभर एसीच्या किंवा पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. झाकणाच्या खाचेतलं पाणी सगळ्यात शेवटी वाळतं, म्हणून सकाळी तिथे टिश्यू पेपरचं टोक फिरवून पाहा. ओलं लागलं तर आणखी एक दिवस थांबा. तोवर साठ्याचा डबा उघडण्याची घाई नको, त्या दिवशी साधा आल्याचा चहा घ्या.