जि.प. शाळेत विज्ञान शिकवताय? साहित्य कुठून घ्यायचं आणि आपलं शिकणं कसं चालू ठेवायचं

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणारे आपण बरेच जण असे आहोत की ज्यांची पदवी विज्ञानाची नाही, आणि ज्यांची आहे त्यांनीही टेस्ट ट्यूब हातात धरून वर्षं झालीत. त्यात दोन-दोन वर्ग एकत्र, ऑनलाईन माहित्या, पोषण आहाराचा हिशोब, निवडणूक आली की बीएलओचं (मतदार यादीचं) काम. तरी विज्ञान नीट शिकवायचंय असं मनापासून वाटणारे खूप आहेत, माझ्या केंद्रातच, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातच, आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

माझं म्हणणं एवढंच आहे की साहित्य कमी नाहीये, ढीगभर आहे आणि बहुतेक सगळं फुकट आहे. कमी पडतो तो प्रयोग मुलांसमोर नेण्याआधी स्वतःच्या हाताने करून बघायचा वेळ, आणि शेजारी बसून "हे असं का झालं गं?" असं विचारायला एक माणूस. या दोन गोष्टींची सोय लागली की बाकीचं आपोआप कामाला येतं, नाहीतर मोबाईल पीडीएफने भरून जातो आणि वर्गात आपण पुस्तकच वाचून दाखवतो.

पहिलं काम, बालभारतीच्या ई-पुस्तकांमधून तुमच्या इयत्तांची सामान्य विज्ञानाची पुस्तकं उतरवून घ्या आणि एका बैठकीत सगळ्या कृती वाचून काढा. धडे नाही, फक्त "करून पहा" वाल्या कृती. प्रत्येकीपुढे लिहा, स्वतः केलीय का, फक्त सांगितलीय, की टाळलीय. टाळलेल्यांची यादी बघितली की कळतं आपल्याला प्रशिक्षण नेमकं कशाचं पाहिजे. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांच्या यादीत वीज आणि प्रकाश येतात, काहींच्या रसायनं. त्यातल्या पाच-सहाच निवडा या वर्षासाठी, सगळं एकदम धरू नका.

दुसरं काम माणसांचं. शेजारच्या तीन-चार शाळांमधले विज्ञान शिकवणारे शोधा, खाजगी अनुदानित हायस्कूलचे सर-मॅडम असले तर उत्तमच, त्यांच्याकडे लॅब असते. शनिवारची सकाळची शाळा सुटली की महिन्यातून एकदा दोन तास बसायचं. हे काही मी नव्याने काढलेलं नाही, सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशात १९७२ साली १६ उच्च प्राथमिक शाळांमधून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, पुढे तो शेकडो सरकारी शाळांपर्यंत गेला आणि २००२ पर्यंत चालला, त्यात शिक्षकांच्या मासिक बैठका हा मुख्य भाग होता. शिक्षक यायचे, वर्गात काय फसलं ते सांगायचे, पुढचा प्रयोग स्वतः करून बघायचे. साधे खेड्यातले सरकारी शिक्षक होते ते, आपल्यासारखेच.

बैठकीत एकच विषय घ्या. आणि नियम करा की प्रयोग करण्याआधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं, काय होईल असं मला वाटतं. हे लिहिणं फार महत्त्वाचं आहे, कारण न लिहिता केलं की निकाल बघून सगळेच म्हणतात "हो, मला माहितीच होतं". लिहिल्यावर मतभेद दिसतात आणि खरी चर्चा तिथून सुरू होते.

एक उदाहरण सविस्तर देते, कारण वस्तू आपल्या दारातली आहे. केळी. जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, रावेर-यावलच्या पोरांना केळीतलं आपल्यापेक्षा जास्त कळतं, आणि आपण त्यांना स्टार्चची परीक्षा मात्र बटाट्यावर दाखवतो! तर तीन केळी घ्या, एक कच्चं हिरवं, एक पिवळं, एक काळे ठिपके पडलेलं पूर्ण पिकलेलं. आडव्या चकत्या कापा. मेडिकलमधून आयोडीनचं औषध आणा, जखमेवर लावायचं बीटाडीनचं द्रावणही चालतं, पाण्यात पातळ करून चहासारख्या रंगाचं करा आणि प्रत्येक चकतीवर तीन-चार थेंब टाका. कच्ची चकती निळी-काळी होते, पूर्ण पिकलेली जवळजवळ तशीच तपकिरी राहते, आणि मधली कुठे काळी कुठे पिवळी अशी नक्षी दाखवते. कच्च्या केळात वजनाच्या २० टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतो, पिकताना विकरांमुळे (एन्झाइम्समुळे) त्याची साखर होत जाते आणि शेवटी एखाद-दोन टक्केच उरतो, म्हणून ते गोड लागतं.

इथे थांबायचं नाही. पुढचा प्रश्न, केळं पिकवतं कोण? दोन हिरवी केळी घ्या, एक एकटंच पिशवीत बांधा, दुसरं एका पिकलेल्या केळाबरोबर बांधा, आणि रोज बघा. पिकलेल्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि तो शेजारच्यालाही पिकवतो. मग पोरं स्वतःच सावद्याच्या रायपनिंग चेंबरचं सांगायला लागतात, तिथे थंड खोलीत इथिलीन सोडतात वगैरे, एखाद्याचे वडील तिथे कामाला असतात. तिथून कॅल्शियम कार्बाइडवर जा, त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो, पण सोबत आर्सेनिक, फॉस्फरसचे घातक अंश असू शकतात म्हणून फळं पिकवायला त्यावर कायद्याने बंदी आहे. बघा, एका केळात विकरं, वायू, रासायनिक बदल, अन्नसुरक्षा सगळं आलं. आणि हे सगळं आधी आपण चार जणांनी शनिवारी करून बघितलेलं असेल तरच वर्गात एखाद्या पोराने "मॅडम, साल काळी पडते ते पण साखरेमुळेच का?" विचारलं की आपण घाबरत नाही. (नाही, साल काळी पडते ती तिच्यातल्या फिनॉलवर्गीय पदार्थांची विकरांमुळे हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया होऊन.) उत्तर नसेल येत तर फळ्याच्या कोपऱ्यात प्रश्न लिहून ठेवा आणि पुढच्या बैठकीत न्या, ते प्रश्न म्हणजे आपल्या बैठकीचा अभ्यासक्रम.

नंदुरबारकडे केळी नसेल तर काळी माती घ्या. कापलेल्या दोन बाटल्या, तोंडाला फडकं, एकीत काळी माती आणि दुसरीत नदीची वाळू, वजन सारखं, पाणी सारखं, किती पाणी खाली आलं ते मोजा. कापसाला काळी माती का, उन्हाळ्यात शेताला भेगा का पडतात, सगळं निघतं यातून.

आता कुठलं साहित्य कशासाठी वापरायचं ते सांगते, सगळ्यांची नावं देत बसत नाही, जे उपयोगी पडतं तेवढंच.

टाकाऊतून खेळणी आणि साधे प्रयोग पाहिजेत तर अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं, २०१८ ला पद्मश्री मिळाली. छोटे व्हिडिओ मराठीतही आहेत आणि मराठी पुस्तकं पण फुकट उतरवता येतात. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या यांचे आकार तर पाचवीपासून कुठेही चालतात.

जे हाताने करता येत नाही, म्हणजे अणू, विद्युतमंडलातले इलेक्ट्रॉन, ग्रहांच्या कक्षा, त्यासाठी फेट सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर करायचे प्रयोग, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं आहे, बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत. पण एक विनंती, बल्ब आणि सेल हातात असताना स्क्रीनवर बल्ब पेटवू नका. आधी खरा, मग स्क्रीन. आकाशदर्शनासाठी स्टेलेरियम हे सॉफ्टवेअर, तेही मोफत.

संकल्पना स्वतःला पक्की करायची असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाईन आहे, नोंदी जड आहेत पण भरवशाच्या आहेत. एआयला विचारलेलं उत्तर वर्गात नेण्याआधी इथे ताडून बघत जा. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करतेय, त्यांची पत्रिका शाळेत लावून घ्या, आणि शैक्षणिक संदर्भ हे पुण्याहून निघणारं द्वैमासिकही. आठवी ते दहावीला शिकवत असाल तर होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे विज्ञान प्रतिभाचे घटक बघाच, एकेक घटक दीड-दोन तास मुलांना विचार करायला लावतो. या केंद्राचं आपल्याशी जुनं नातं आहे. १९७४ साली ते मुंबईत सुरू झालं आणि त्यांच्या अगदी सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक रावेर तालुक्यातल्या खिरोद्याला झाला, तिथल्या ग्रामीण शाळा आणि शिक्षकांसोबत. आपल्या तरुण शिक्षकांना हे माहितीच नसतं, म्हणून मी मुद्दाम सांगत असते.

धडगाव, अक्कलकुवा, मोलगी भागातल्या मित्रांनो, तुमच्याकडे रेंजचा भरवसा नाही हे माहितीये. म्हणून तालुक्याला किंवा शहाद्याला गेलात की महिन्याचं सगळं एका पेनड्राईव्हवर घेऊन या, फेटची फाईल एकेक करून उतरवता येते आणि नेट नसताना ब्राउझरमध्ये चालते, सरकारच्या दीक्षा या शैक्षणिक ॲपमधलाही बराच मजकूर आधी डाउनलोड करून ठेवता येतो. मोबाईलमध्ये धड्याच्या नावाने फोल्डर करा, नाहीतर ऐन तासाला काहीच सापडत नाही. आणि पावरी, भिलोरी, अहिराणी बोलणाऱ्या मुलांना अंदाज त्यांच्या भाषेत मांडू द्या, प्रमाण मराठीत नंतर लिहू द्या, खूप फरक पडतो.

प्रशिक्षणाबद्दल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी मिळावेत असं म्हटलंय. दीक्षावर निष्ठा या सरकारी शिक्षक-प्रशिक्षणाचे कोर्स असतात. ते प्रमाणपत्रासाठी व्हिडिओ पुढे-पुढे ढकलत संपवू नका, तुमच्या टाळलेल्या यादीशी जुळणारा कोर्स निवडा, दोघांनी मिळून बघा आणि प्रत्येक भाग संपला की "यातलं सोमवारी मी काय करणार" एवढी एक ओळ वहीत लिहा. ओळ सुचली नाही तर तो भाग परत बघा. आयसर पुणे ही विज्ञान संस्था राज्यातल्या शिक्षकांसाठी आयराईज नावाच्या कार्यक्रमात प्रशिक्षणं घेतं, त्यांची सूचना निघाली की अर्ज करा, इंग्रजीला घाबरून मागे राहू नका.

आपल्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे शिक्षकांची बैठक, पण आपलीच जागा आहे. केंद्रप्रमुखांना आधी भेटून सांगा की मला चाळीस मिनिटं द्या, भाषण नाही, प्रयोग घेते सगळ्यांकडून. बहुतेक केंद्रप्रमुख आनंदाने देतात, त्यांनाही काहीतरी ठोस हवंच असतं. एकदा चांगलं झालं की डायटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) अधिव्याख्यात्यांपर्यंत आणि बीआरसीच्या (गट साधन केंद्राच्या) विषयतज्ज्ञांपर्यंत ते पोचतं, आणि मग प्रशिक्षणात तुम्हाला सुलभक म्हणून बोलावणं येतं. तिथे नक्की जा. दुसऱ्या शिक्षकाला समजावताना आपलं कच्चं कुठे आहे ते फार लवकर कळतं.

पैशांचं. आधी कपाट उघडा, बऱ्याच शाळांत विज्ञान पेटी कुलपात असते आणि यादी कुणाकडेच नसते. काय आहे, काय फुटलंय, लिहून दारावर चिकटवा. नवीन लागणारं साहित्य शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात आणा म्हणजे संयुक्त शाळा अनुदानातून घेता येतं, नुसतं मुख्याध्यापकांना तोंडी सांगून होत नाही. महागडा मायक्रोस्कोप परवडत नसेल तर फोल्डस्कोप, कागदी घडीचा, कमी किमतीत येतो. केळीच्या पानाला पारदर्शक नेलपॉलिश लावा, वाळू द्या, सेलोटेपने उचला, पर्णरंध्रांचा ठसा दिसतो.

सुरक्षेत तडजोड नको. तीव्र आम्लं मुलांच्या हातात द्यायची नाहीत, पातळ करताना नेहमी पाण्यात आम्ल हळूहळू, उलटं कधीच नाही. पाऱ्याचे थर्मामीटर बाजूला काढा, अल्कोहोलचे वापरा. विद्युतमंडलं सेलवरच, भिंतीतल्या प्लगला हात नाही.

परिसरभेटीसाठी फार लांब जायची गरज नाही. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या, चोपडा तालुक्यात उनपदेवचा गरम पाण्याचा झरा, पांझरेवरची फड सिंचन पद्धत, ऊर्जा आणि पाणी या दोन्ही धड्यांना पुरून उरतात. तोरणमाळला गेलात तर थर्मामीटर न्या, तिथे साधारण ११०० मीटर उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, खाली तापीकाठी ९९ च्या वर. भेटीआधी मुलांकडून प्रश्न लिहून घ्या आणि ते तिथल्या माणसांना आधी पाठवा, मग ते तयारीने बोलतात.

विद्यार्थ्यांच्या कल्पनांसाठी केंद्र सरकारची इन्स्पायर मानक योजना आहे, निवडलेल्या मुलाला मॉडेल करायला १०,००० रुपये मिळतात. नोंदणी सुरू झाल्यावर कल्पना शोधायला धावू नका, फळ्याच्या कोपऱ्यातले ते प्रश्न वर्षभर साठवलेले असले की त्यातूनच निघतात, मुलांच्या स्वतःच्या.

आणि मे महिन्यात सुट्टी असली तरी एक दिवस राखून ठेवा. आपल्याकडे २४ ते २८ मेच्या दरम्यान सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, धुळे-जळगावला आधी आणि उत्तरेला असलेल्या नंदुरबारला दोन-तीन दिवसांनी. जुलैतही येतो पण तेव्हा ढग असतात. बाराला नाही, साडेबाराच्या आसपास, कारण आपलं घड्याळ आपल्यापेक्षा बऱ्याच पूर्वेकडच्या रेखावृत्तावर लावलेलं आहे. गावात असलेली मुलं बोलवा, सपाट जागेवर एक पाईप ओळंब्याने सरळ उभा करा आणि सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूने आखा, सूर्याकडे कुणी बघायचं नाही. दुसऱ्या तालुक्यातल्या शिक्षकाला त्याच दिवशी हेच करायला सांगा आणि दोघांच्या वेळा शेजारी-शेजारी लिहा, पूर्वेकडच्या गावाला सावली आधी सर्वात आखूड होते, जूनमध्ये रेखावृत्तांचा धडा तिथूनच सुरू करता येतो.