सॅम्पलिंग पॅडवर हलगी-संबळाचा संच कसा बांधावा

महाराष्ट्रातल्या वाद्यवृंदांत आणि बँजो पथकांत काठीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडला सरसकट ऑक्टोपॅड म्हटले जाते, पण विकत घेण्यापूर्वी त्यातले दोन प्रकार वेगळे ओळखावेत. एका प्रकारात कंपनीने भरून दिलेले आवाजच वाजवता येतात. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे सॅम्पलरमध्ये, आपण स्वतः ध्वनिमुद्रित केलेला आवाज भरता येतो. रोलंडचे २०११ साली आलेले एसपीडी-एसएक्स हे दुसऱ्या प्रकारातले यंत्र असून त्याला नऊ पॅड आहेत. त्याच्या २ जीबी स्मृतीत १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ दर्जाचा सुमारे १८० मिनिटांचा स्टिरिओ आवाज मावतो. २०२२ साली आलेल्या प्रो आवृत्तीत ही स्मृती ३२ जीबी आहे. पुढील पद्धत मूळ एसपीडी-एसएक्सला धरून सांगितली आहे. इतर सॅम्पलरमध्ये बटणांची नावे बदलतात, कामाचा क्रम मात्र तोच राहतो.

पहिला निर्णय काय भरायचे याचा नसून काय भरायचे नाही याचा आहे. लावणीची ढोलकी पॅडवर आणण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ढोलकीचा घुमारा तळहाताच्या दाबाने चढतो-उतरतो आणि वादक नर्तकीच्या पायांकडे पाहत तो दाब त्याच क्षणी ठरवतो. सॅम्पल म्हणजे गोठवलेला एकच आघात, त्यामुळे तो कितीही सुरेख मुद्रित केला तरी तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला उघडा पडतो. याउलट हलगी, संबळ, ताशा, टाळ, झांजा, तुतारीची एखादी ललकारी आणि समूहाचा जयघोष हे आवाज पॅडवर उत्तम चालतात. त्यांचा आघात ठाशीव असतो आणि दर कार्यक्रमाला एवढे वादक सोबत नेणे परवडत नाही.

ध्वनिमुद्रण कोरड्या खोलीत करावे. फरशी आणि उघड्या भिंतींची खोली टाळावी, दुसरी सोय नसेल तर भिंतींवर गोधड्या टांगाव्यात, कारण आवाजात एकदा मिसळलेला खोलीचा प्रतिध्वनी नंतर काढता येत नाही. हलगी नेहमीप्रमाणे शेकून घ्यावी आणि कातडे पुरेसे तापल्यावर सगळे आघात एकाच बैठकीत मुद्रित करावेत. मध्ये खंड पडला की कातडे उतरते आणि अर्धे आघात खालच्या सुरात जातात. मायक्रोफोन एक-दीड फुटावर ठेवून सर्वांत मोठा आघात उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावावी. प्रत्येक बोल हलका, मध्यम आणि जोरकस असा तीन प्रकारे, प्रत्येक प्रकार निदान पाच-सहा वेळा वाजवून घ्यावा, आणि दोन आघातांमध्ये आस, म्हणजे आघातानंतर रेंगाळणारा नाद, पूर्ण विरेपर्यंत थांबावे. उतावीळ वादकाला इथे दोन-तीनदा टोकावे लागते.

यानंतरची कापणी ही या साऱ्या कामातली कळीची बाब आहे आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. समजा, हलगीच्या फाइलच्या सुरुवातीला २० मिलिसेकंदांची शांतता राहिली. संगणकाच्या पडद्यावर पूर्ण फाइल पाहताना ती डोळ्यांत भरत नाही, पण ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतले जात असताना, ती ८८२ नमुन्यांची असते आणि काठी पडल्यावर तेवढ्या उशिराने आवाज येतो. मग वादकाला आपला हात मागे पडत आहे असे वाटते, तो नकळत घाई करू लागतो आणि गाण्याची लय पुढे सरकते. म्हणून लाट पूर्ण मोठी करून पाहावी, आघात जिथे उचल घेतो त्याच्या किंचित आधी आणि रेषा शून्याला छेदते तिथेच काप द्यावा. शून्याबाहेर काप बसला तर प्रत्येक वेळी बारीक ‘टक्’ ऐकू येते. शेवटाला आवाज हळूहळू विरवावा. मोबाइलवर किंवा चित्रफितीसोबत मुद्रित केलेली फाइल बहुधा ४८ किलोहर्ट्झची असते, ती आधी ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट वेव्हमध्ये बदलून मगच यंत्रात भरावी.

सर्व फाइली संगणकाने एकाच कमाल पातळीला आणल्या की काम झाले, हा समज चुकीचा आहे. ताशा आणि संबळाचा खालच्या सुरातला नाद यांचे आकडे सारखे असले तरी कानाला ताशा कितीतरी मोठा लागतो. पातळी शेवटी कानानेच, आणि तीही हेडफोनवर न लावता मोठ्या स्पीकरवर लावावी.

सुराचा विचार संबळाच्या बाबतीत विशेष करावा लागतो. गायक काळी १ मध्ये गाणार की पांढरी ४ मध्ये (पेटीच्या पट्ट्यांवरून ओळखले जाणारे सूर), त्यानुसार आवाज यंत्रातच वर-खाली करता येतो, पण दोन स्वरांपलीकडे नेल्यास कातडे प्लास्टिकसारखे वाजू लागते. त्यामुळे वाद्य दोन वेगवेगळ्या सुरांत लावून दोनदा मुद्रित करणे आणि त्यांचे दोन स्वतंत्र किट, म्हणजे सगळ्या पॅडवरच्या आवाजांचे जतन केलेले संच, ठेवणे श्रेयस्कर ठरते.

पॅडची मांडणी हाताच्या सवयीप्रमाणे करावी आणि सर्व किटमध्ये शक्यतो तीच ठेवावी. वरच्या कडेचे तीन चिंचोळे पॅड लूप (पुन्हा पुन्हा आपोआप वाजणारा तुकडा) आणि जयघोषासाठी, तर उरलेले सहा प्रत्यक्ष वाजवण्यासाठी ठेवल्यास गोंधळ होत नाही. मोकळा आणि दाबलेला असे एकाच वाद्याचे दोन आघात एकाच म्यूट ग्रुपमध्ये घालावेत, म्हणजे दाबलेला वाजताच मोकळ्याची आस तुटते. आघातांच्या पॅडवर डायनॅमिक्स (फटक्याच्या जोराप्रमाणे आवाज लहान-मोठा होणे) चालू हवे, लूपच्या पॅडवर बंद हवे, नाहीतर काठी हळू पडली की अख्खा लूपच हळू वाजतो. लूपचा पॅड एका फटक्यात सुरू आणि दुसऱ्या फटक्यात बंद होईल असा लावावा.

लूपची लांबी अंदाजाने न कापता हिशेबाने कापावी. १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत, एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते. म्हणजे केरव्याच्या आठ मात्रा बरोबर ४ सेकंदांच्या, अर्थात १,७६,४०० नमुन्यांच्या, आणि दादऱ्याच्या सहा मात्रा ३ सेकंदांच्या. थोडाही फरक राहिला तर तो प्रत्येक आवर्तनाला साठत जातो आणि क्लिकवर (लय दाखवणाऱ्या यांत्रिक टिकटिकीवर) वाजवणारा कीबोर्डवादक मिनिटभरात वेगळा पडतो.

मंचावर यंत्रापासून मिक्सरपर्यंत लांब साधी जॅक केबल ओढू नये. जवळच डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज लांब केबलसाठी योग्य करून देणारी छोटी पेटी) ठेवून तिथून बॅलन्स्ड केबल, म्हणजे बाहेरची गुणगुण कमी पकडणारी केबल, न्यावी आणि गुणगुण आली तर त्यावरचे ग्राउंड लिफ्टचे बटण दाबून पाहावे. गावच्या जत्रेतली ध्वनियोजना बहुधा मोनो, म्हणजे डावा-उजवा भेद नसलेली, असते, म्हणून एकच केबल डाव्या मोनो आउटपुटला जोडून संपूर्ण संच घरीच ऐकून घ्यावा. रुंद स्टिरिओचा काही आवाज मोनोमध्ये पातळ होतो किंवा गायबच होतो. क्लिक फक्त हेडफोनला पाठवावा. तो मुख्य स्पीकरवर गेलेला ऐकणे सर्वांनाच अवघडते. स्टँड बेस स्पीकरच्या पेटीला किंवा पोकळ फळीला टेकलेला नसावा. हादऱ्याने पॅड आपोआप वाजू लागले तर ट्रिगरचा थ्रेशोल्ड, म्हणजे पॅड वाजण्यासाठी लागणारा किमान जोर, वाढवावा, मात्र इतका नव्हे की हलका हात ऐकूच येऊ नये. वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या क्षणात यंत्र बंद पडते, यासाठी छोटा यूपीएस सोबत असावा.

स्टुडिओत गरज थोडी वेगळी असते. तिथे बसून बोटांनी वाजवायचे यंत्र सोयीचे पडते. रॉजर लिन यांनी आकाईसाठी घडवलेल्या १९८८ च्या एमपीसी६० ने चार गुणिले चार अशा सोळा पॅडची जी मांडणी रूढ केली, ती आजही बहुतेक यंत्रांत दिसते. काठीचा पॅडच वापरायचा असल्यास यूएसबीवरून मिडी (कोणता पॅड केव्हा आणि किती जोराने वाजला याची नोंद) आणि त्याच वेळी आवाज, असे दोन्ही मुद्रित करावे. हुकलेला फटका मिडीत सरकवता येतो आणि नंतर चांगले सॅम्पल मिळाले तर वादकाला पुन्हा न बोलावता आवाज बदलता येतो.

दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रिकेतला तुकडा प्रकाशित होणाऱ्या गाण्यात वापरायचा असेल तर ध्वनिमुद्रणाचे आणि मूळ रचनेचे, अशा दोन्ही हक्कधारकांची परवानगी लागते. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो, तेव्हा ‘जुनेच तर गाणे आहे’ हा युक्तिवाद बहुधा लागू पडत नाही.

संच पक्का झाल्यावर यंत्रातील सर्व किट पेनड्राइव्हवर सेव्ह करावेत, मूळ न कापलेल्या फाइली संगणकावर वेगळ्या फोल्डरमध्ये वाद्य, बोल आणि सूर अशा नावांनी ठेवाव्यात, आणि पेनड्राइव्ह यंत्राच्या पेटीत न ठेवता दुसऱ्या कुणाच्या तरी बॅगेत द्यावा.