भूसंपादनाची नोटीस आली? कोकणात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

बंदर असो की महामार्ग, लोकांचे हक्क सांभाळून काम करणं सरकारवर बंधनकारक आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद ३००अ म्हणतो, कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता हिरावता येणार नाही. नोटीस देणं, म्हणणं ऐकून घेणं, कारणांसह निर्णय देणं, योग्य मोबदला देणं हे सगळं त्यातच येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या खटल्यात सांगितलं. पण सरकार चुकलं हे दाखवायला कागद लागतो, आणि आपलं घोडं तिथेच अडतं.

सातबारा अजून आजोबांच्या नावावर. वारस नोंद नाही, निम्मे हिस्सेदार मुंबईला. मग नोटीस मयताच्या नावाने निघते आणि मोबदला हिस्स्यांच्या वादात अडकतो. प्रकल्पाची कुणकुण लागताच तलाठ्याकडे अर्ज द्या.

"गणपतीत सगळे आले की बसू." तोवर मुदत संपते. राष्ट्रीय महामार्गाला १९५६चा कायदा लागतो: कलम ३अ ची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून हरकतीला फक्त २१ दिवस. २०१३च्या भूसंपादन कायद्यात ६० दिवस मिळतात. नोटिशीवर कायदा कुठला लिहिलाय ते आधी वाचा.

मोजणीला गैरहजर राहणं. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पंचनाम्यात नुसतं 'आंबा, १२ झाडं' असं येऊ देऊ नका. हापूसचं उत्पन्न देणारं कलम आणि बांधावरचा रायवळ यांची किंमत एक कशी असेल? जात, वय, फळ धरतंय की नाही, हे झाडागणिक लिहून घ्या. विहीर, चिऱ्याचा गडगा, पंपाची पाइपलाइन हेही सुटतं. फोटो काढा. पटलं नाही तर सहीच्या वर 'मोजणी अमान्य, हरकत राखून' असं लिहा आणि प्रत मागा.

"जमीन नाही, मग आम्हाला काय?" २०१३च्या कायद्यात बाधित कुटुंब म्हणजे फक्त जमीनमालक नव्हे. संपादनाआधी तीन वर्षं ज्यांचं पोट मुख्यतः पाण्यावर चालत होतं, ते मच्छीमारही त्यात येतात. नौकेची नोंदणी, सोसायटीचं सभासदत्व, मासळीविक्रीच्या पावत्या जपून ठेवा. खाडीत कालवं काढणाऱ्या बायांकडे यातलं काहीच नसतं, आणि सर्वेक्षणात वगळल्या जातात त्या त्याच. त्यांची नावानिशी यादी ग्रामसभेच्या ठरावात घाला.

जनसुनावणीवर नुसता बहिष्कार. राग समजतो. पण पर्यावरण मंजुरीच्या २००६च्या अधिसूचनेत सुनावणीला गणपूर्तीची, म्हणजे किमान उपस्थितीची, अटच नाही. तुम्ही बाहेर घोषणा देत राहिलात तरी आत ती पार पडते. बहिष्कार टाकायचाच असेल तर आधी लेखी हरकत देऊन पोच घ्या. आत गेलात तर इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायला सांगा. ते त्यांना बंधनकारक आहे.

पैसे मुकाट्याने घेणं. २०१३च्या कायद्याखाली रक्कम कमी वाटली तर 'अंडर प्रोटेस्ट' (हरकत राखून) लिहूनच स्वीकारा. नाहीतर कलम ६४ खाली वाढीव मोबदला मागता येत नाही. निवाड्यावेळी, म्हणजे मोबदला ठरवणारा निर्णय होताना, हजर असाल तर त्या अर्जाला सहाच आठवडे मिळतात.

आंदोलनात पोलिसांनी मारहाण केली तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते. घटनेला वर्ष उलटलं की मात्र आयोग चौकशी करू शकत नाही. सरकारी दवाखान्यातला तपासणीचा कागद त्याच दिवशी घ्या.