निशात, शालिमार आणि दल : वसंतात मुघल बागा कशा बघाव्यात

श्रीनगरच्या टूरमध्ये 'मुघल गार्डन्स' या नावाखाली चार बागा अर्ध्या दिवसात उरकल्या जातात. गाडी थांबते, फोटो होतात, गाडी निघते. या बागा चढत जाऊन, पाण्याच्या कडेने आणि ठरावीक उजेडात बघायच्या असतात. दीड दिवस ठेवलात तर निशात आणि शालिमार नीट होतात, ट्युलिपही जमतात. परीमहल राहिला तर राहू द्या.

आधी आठवडा ठरवा. मार्चच्या मध्यापासून बदाम फुलतो. तो बघायला हरिपर्वताच्या पायथ्याची बदामवारी गाठावी. पाडवा मार्चात आला तर योग चांगला जुळतो, कारण काश्मिरी पंडितांचा नवरेह, म्हणजे नववर्ष, त्याच दिवशी असतो. मार्चअखेरीपासून साधारण 20 एप्रिलपर्यंत झबरवान डोंगराच्या उतारावरची ट्युलिप बाग खुली असते. थंडी लांबली किंवा ऊन लवकर तापलं तर या तारखा आठवडाभर मागेपुढे होतात, म्हणून परतीचं तिकीट अगदी कडेच्या तारखेचं काढू नये. मुलांच्या परीक्षा संपवून मे महिन्यात जाणाऱ्यांना ट्युलिप मिळत नाहीत, एजंट काहीही सांगो. त्याऐवजी हिरवेगार चिनार आणि मेच्या मध्यानंतर गुलाब मिळतात. निशात-शालिमारसाठी तो काळ मुळीच वाईट नाही.

मार्च-एप्रिल हे श्रीनगरचे सर्वांत पावसाळी महिने. एप्रिलात दुपारी तापमान 20 अंशांच्या आसपास असतं, पहाटे ते 7-8 पर्यंत उतरतं. जाड जाकिटापेक्षा स्वेटर आणि त्यावर पाऊस अडवणारं पातळ जाकीट बरं. बूट खाचांच्या तळव्याचे हवेत, कारण ओल्या दगडी पायऱ्या भलत्याच निसरड्या होतात. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. घरातला एक तरी फोन पोस्टपेड असू द्या आणि ओळखपत्र खिशात ठेवा.

दोन्ही बागा दलच्या पूर्व काठावर आहेत, मधे तीनेक किलोमीटर. लाल चौकातून हारवनकडे जाणाऱ्या बस याच रस्त्याने जातात. गाडी दिवसभरासाठी ठरवली असेल तर कुठे किती वेळ थांबायचं ते निघतानाच बोलून घ्या. सुरक्षेमुळे एखादी बाग अचानक बंद ठेवली जाते, तेव्हा सकाळी हॉटेलात विचारूनच निघावं.

सकाळ शालिमारला द्या. जहांगीरने 1619 मध्ये ही बाग बांधवली. लांबी सुमारे 587 मीटर, चढ सौम्य, त्यामुळे आजी-आजोबांना हीच सोपी. मधल्या कालव्याच्या कडेकडेने वर जा. आधी सर्वांसाठीचा दिवाण-ए-आम, मग खास लोकांचा दिवाण-ए-खास, शेवटी बायकांचा जनाना. वरच्या भागातला काळ्या दगडाचा मंडप शाहजहानच्या काळातला. लोक त्याच्या खांबांना टेकून फोटो काढतात आणि छताकडे मात्र बघत नाहीत. धबधब्यामागच्या भिंतीत लहान कोनाड्यांच्या रांगा दिसतील, त्यांना चिनीखाना म्हणतात. त्यात दिवसा फुलदाण्या आणि रात्री दिवे ठेवत, म्हणजे पाण्याच्या पडद्याआडून रंग किंवा उजेड झिरपायचा. पाणी चालू असेल तर समोर दहा मिनिटं बसा.

निशातला मात्र दुपारी तीननंतर जा. नूरजहानचा भाऊ आसफखान याने 1633 मध्ये केलेली ही बाग, 548 मीटर लांब आणि 338 मीटर रुंद. पाठीशी पूर्वेला झबरवान, समोर पश्चिमेला दल. डोंगरामुळे सकाळचं ऊन इथे उशिरा पोचतं. चारनंतर तेच ऊन समोरून येऊन फुलांचे ताटवे आणि मागचा डोंगर उजळतं. एप्रिलच्या मध्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणजे सगळा चढ सावकाश करायला वेळ पुरतो. मूळचे टप्पे बारा, राशींच्या हिशेबाने. खालचा भाग रस्त्यात गेला.

चढताना प्रत्येक टप्प्यावर वळून तळ्याकडे बघा. खालून दल जेमतेम दिसतो, वरच्या जनान्याच्या टप्प्यावरून सगळं पाणी आणि पलीकडे हरिपर्वत समोर येतो. फाटकाजवळच्या पहिल्या कारंज्यापाशी फोटो काढून परतणाऱ्यांना हे कळतच नाही. टप्प्यांमधल्या उतरत्या, कोरीव दगडी फळीला चादर म्हणतात. कोरीवकामावर आपटून पाणी पांढरं फुटतं आणि खळखळतं. धबधब्यावर टाकलेली दगडी आसनं याच आवाजासाठी आहेत. पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखत असतील तर दोन-तीन टप्पे चढून थांबलेलं बरं.

कारंजी कोरडी असण्याची तयारी ठेवा. पाणी डोंगरातल्या ओढ्याझऱ्यांतून येतं, त्यामुळे हिमवर्षाव कमी झाला किंवा कालव्याची सफाई चालू असली की नळ्या गप्प असतात. पाण्यावरून भांडणंही इथे जुनी आहेत. शाहजहानने रागाने निशातचं पाणी तोडलं आणि आसफखानाच्या नोकराने ते गुपचूप सोडलं, अशी दंतकथा सांगतात.

ट्युलिप बाग दुसऱ्या दिवशी, उघडल्याउघडल्या गाठा. शनिवार-रविवार टाळा, दलकाठच्या बुलेवार्ड रस्त्यावर गाड्या इंच-इंच सरकतात. तिथून चष्मेशाही जवळच आहे, तीन टप्प्यांची छोटी बाग, अर्ध्या तासात होते.

बागांमध्ये फेरन (काश्मिरी झगा) आणि दागिने घालायला देऊन फोटो काढणारे मागे लागतात. हौस असेल तर काढा, पण एका फोटोचा दर आणि एकूण किती फोटो हे कपडे अंगावर चढवण्याआधी पक्कं करा. नाहीतर नंतर पंचवीस फोटोंचा गठ्ठा हातात येतो. शिकाऱ्याचंही तसंच, दर माणशी की अख्ख्या शिकाऱ्याचा आणि किती वेळाचा, हे चढण्याआधी विचारायचं.

निशातहून उतरल्यावर भूक लागतेच. नदरू मोंजे, म्हणजे कमळकाकडीची भजी, गरम असतानाच खावीत. गार झाली की चिवट लागतात.