तुडतुड्यांचे नमुने म्युझियमकडून लोनवर घ्यायचे असतील तर आधी हे वाचा

मराठीत आपण सगळ्यांनाच तुडतुडे म्हणतो, कपाशीवरचे हिरवे पण तुडतुडे आणि धानाच्या बुंध्याशी गर्दी करून बसणारे तपकिरी पण तुडतुडेच. फवारणीपुरतं ते चालून जातं पण म्युझियममध्ये हे दोघं वेगवेगळ्या कपाटांत असतात. कपाशीवरचे ते लीफहॉपर आणि धानावरचे ते प्लांटहॉपर, म्हणजे फुल्गोरॉइडिया या मोठ्या गटातले, उसावरची पाकोळी (पायरिला) पण यातलीच. लोन मागायच्या पत्रात नुसतं हॉपर असं लिहिलं तर समोरच्याने काय काढून द्यायचं? म्हणून आधी आपल्याकडचा किडा नक्की कुठल्या कुळातला आहे ते बघून घ्या. अँटेना डोळ्याच्या खाली आणि तिचा दुसरा भाग जाडसर फुगीर असेल तर प्लांटहॉपर. आणि मागच्या पायाच्या टिबियाच्या (नडगीच्या) टोकाला एक मोठा हलणारा काटा असेल तर डेल्फॅसिडी, धानावरचे तपकिरी आणि पांढऱ्या पाठीचे तुडतुडे दोन्ही याच कुळातले.

आता लोन लागतंच कशाला, तर जुनी वर्णनं वाचून काम भागत नाही म्हणून. आपल्याकडच्या बऱ्याच जातींचं वर्णन डिस्टंट या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया या ग्रंथमालेच्या १९०६ आणि १९१६ च्या खंडांत केलेलं आहे, त्यात रंग, आकार, डोक्याची ठेवण हे सगळं मिळतं पण आज जिच्यावर सगळा निर्णय होतो ती नराच्या जननेंद्रियाची रचना बहुतेक ठिकाणी नाहीच. धानावरचा तपकिरी तुडतुडा, निलापर्वता ल्युजेन्सच घ्या, त्याच्याच वंशातले बेकेरी आणि मुइरी हे गवतावर राहतात आणि वरून बघितलं तर इतके सारखे दिसतात की भल्याभल्यांची फसगत होते. नराचं पोट उघडून बघितल्याशिवाय खात्रीने नाव देता येत नाही, आणि तुमच्याकडे आधी नीट ओळखलेला नमुनाच नसेल तर बघितलेलं ताडून कशाशी बघणार?

पत्र लिहायच्या आधी घरचा अभ्यास पूर्ण करा, माझ्या मते अर्धं काम इथेच होतं. पॅरिसच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधले थिएरी बुर्गुआं चालवतात तो फ्लो नावाचा ऑनलाइन डेटाबेस उघडा, प्लांटहॉपरच्या जगभरातल्या जातींची नावं, जुनी नावं आणि मूळ वर्णनं कुठे छापली ते तिथे सापडतं. मग टाइप, म्हणजे ज्या नमुन्यांवरून जातीचं मूळ वर्णन झालं ते नमुने, कुठे आहेत ते शोधा. डिस्टंट आणि वॉकर या जुन्या अभ्यासकांचे टाइप बघायचे तर लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम, श्रीलंकेच्या तुडतुड्यांवर १९०३ मध्ये लिहिणाऱ्या मेलिखरचा संग्रह चेक देशात ब्रनोला, श्टॉल या स्वीडिश अभ्यासकाचा स्टॉकहोमला. आणि परदेशाकडे वळायच्या आधी आपल्याच देशात बघा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. कोलकात्याचं झेडएसआय (भारतीय प्राणी सर्वेक्षण), त्यांचंच पुण्यात आकुर्डीला केंद्र आहे, दिल्लीत पुसाचा राष्ट्रीय कीटक संग्रह, बेंगळुरूला एनबीएआयआर (राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो) आणि जीकेव्हीके (तिथलं कृषी विद्यापीठ), मुंबईत बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी). पुण्यातला विद्यार्थी लंडनला मेल करून सहा महिने वाट बघत बसतो आणि आकुर्डीला एक फेरी मारलेली नसते, असं होऊ देऊ नका.

टाइप नमुना पोस्टाने मिळेल ही अपेक्षा ठेवू नका, बऱ्याच म्युझियमनी ते पाठवणं जवळजवळ बंदच केलंय आणि ते बरोबरच आहे, होलोटाइप, म्हणजे वर्णन करताना मुख्य म्हणून ठरवलेला एकच नमुना, हा त्या नावाचा एकमेव आधार असतो, तो हरवला की पुढचे सगळे अडचणीत. त्यामुळे आधी फोटो मागा. वरून, बाजूने, तोंडासमोरून आणि सगळ्या लेबलांचा असे चार फोटो मागितले तर बहुतेक क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळणारे, आनंदाने देतात आणि कितीदा तरी तेवढ्यातच प्रश्न सुटतो. त्याने नाहीच भागलं तर स्वतः जाऊन तिथेच मायक्रोस्कोपखाली बघायची परवानगी मागा. लोन मागायचं ते ओळख पटलेल्या साध्या नमुन्यांसाठी आणि अजून कोणी न ओळखलेल्या मालासाठी, नवीन गोष्टी सापडतात त्या तिथेच.

पत्र संस्थेच्या लेटरहेडवर हवं आणि विद्यार्थी असाल तर खाली गाईडची सही हवी, कारण लोन माणसाला मिळत नाही, संस्थेला मिळतं, तुम्ही पीएचडी संपवून निघून गेलात तरी उत्तर संस्थेने द्यायचं असतं. मागणी नेमकी करा. पश्चिम घाटातले सगळे डेल्फॅसिड पाठवा, असं लिहिलं तर उत्तर येणार नाही किंवा नकार येईल. त्याऐवजी लिहा की निलापर्वता वंशातले, महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटकातले, शक्यतो नर, वीसपर्यंत नमुने, एक वर्षासाठी, तुलना करून वर्णन लिहायला. नर हे मुद्दाम लिहायचंच, कारण या कुळात नुसत्या माद्यांवरून जात ठरवणं फार अवघड जातं आणि मग वीस माद्यांचा डबा येऊन पडतो. पोट काढून डिसेक्शन करणार असाल तर तशी परवानगी त्याच पत्रात मागा, डीएनएसाठी पाय तोडणार असाल तर ती वेगळी मागा, एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं धरू नका. नमुने कुठे ठेवणार, कुलूप आहे का, पावसाळ्यात दमटपणाचं काय करणार हे दोन ओळींत लिहिलंत तर समोरच्याचा विश्वास बसतो.

कायद्याचं थोडक्यात. देशातल्या देशात संस्थेकडून संस्थेकडे लोन असेल तर दोघांची पत्रं आणि लोन फॉर्म, एवढ्यावर सहसा काम होतं. पण भारतातला नमुना बाहेर पाठवायचा म्हटलं की जैवविविधता कायदा २००२ लागू होतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम बघावे लागतात, नियम मधूनमधून बदलतात म्हणून पाठवायच्या आधी त्यांच्याकडूनच विचारून घ्या, मित्राने मागच्या वर्षी असंच पाठवलं होतं हे कारण चालत नाही. याच कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नवीन जात सापडली तर ठरवून दिलेल्या संस्थेला कळवून तिथे नमुना जमा करावा लागतो, हे पेपर लिहायच्या आधीपासून डोक्यात असू द्या.

डबा आला की लगेच फोडायचा नाही. बाहेरून फोटो काढा, मग आतला डबा बंदच ठेवून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि उणे २० डिग्रीच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा, म्हणजे आत भुंग्याच्या अळ्या असतील तर मरतील आणि तुमच्या संग्रहात शिरणार नाहीत. बाहेर काढल्यावर पिशवी न सोडता डबा खोलीच्या तापमानाला येऊ द्या, घाई केली तर आत पाणी धरतं आणि कोकणातल्या हवेत चार दिवसांत बुरशी येते. मग उघडा, वरून एक फोटो काढा, आणि लोनच्या यादीशी एकेक नमुना ताडून बघा. काही तुटलेलं असेल तर त्याच दिवशी मेल करा.

माझ्याकडे एकदा एक डबा आला, त्यात कोणीतरी डांबर गोळ्या सुट्ट्याच टाकल्या होत्या. प्रवासात एक गोळी आतल्या आत गडगडत फिरली आणि तिने एक अख्खी रांग झोडपून काढली. एका पॉइंटवर, म्हणजे किडा चिकटवतात त्या कार्डाच्या त्रिकोणी तुकड्यावर, मागचे दोन पाय आणि डिंकाचा वाळका ठिपका, एवढंच उरलं होतं. खाली लेबल मात्र जसंच्या तसं, गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, सगळं. कोणीतरी उन्हातान्हात जाळं फिरवून तो चार मिलिमीटरचा जीव पकडला, पॉइंटवर चिकटवला, इतकी वर्षं जपला आणि शेवटी हे झालं, मला तो दिवस अजून आठवतो. तेव्हापासून कोणी विचारलं की मी पहिलं हेच सांगतो, डांबर गोळी ठेवायचीच तर मलमलच्या कापडात बांधून कोपऱ्यात पिनांनी पक्की रोवा आणि प्रवासात तर ठेवूच नका. शिवाय ती थर्माकोल खाते, तळ थर्माकोलचा असेल तर पिना सैल होतात.

डिसेक्शनचा नियम एकच, टेबलावर एका वेळी एकच नमुना. दोन वाट्यांत दोन पोटं ठेवली आणि फोन वाजला की कुठलं कोणाचं ते परत कधीच कळत नाही, आणि ते चुकलं तर पुढचं सगळंच चुकलं. वाळलेला नमुना आधी दमट डब्यात दिवसभर ठेवून मऊ करा, तळाला ओला कापूस आणि बुरशी येऊ नये म्हणून थायमॉलचे दोनचार खडे. मग बारीक सुईने फक्त पोट अलगद सोडवा. १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये गरम पाण्याच्या भांड्यात काही मिनिटं, किंवा गरम न करता रात्रभर, मी रात्रभरचाच रस्ता धरतो कारण उकळी लागली की नाजूक भाग वाकडे होतात. नंतर स्वच्छ पाण्यात धुवून ग्लिसरीनमध्ये बघा, चित्रं काढा, फोटो घ्या. काम झालं की पोट ग्लिसरीनच्या मायक्रोव्हायलमध्ये, म्हणजे बारीक कुपीत, घालून तिच्या बुचातून त्याच किड्याची पिन घालायची, म्हणजे दोघं कायम एकत्र राहतात. गळून पडलेला पाय किंवा पंख असेल तर औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये घालून तीही त्याच पिनेवर. आणि मेणकट पांढरी भुकटी असलेल्या फ्लॅटिडी वगैरे कुळांतल्या प्लांटहॉपरना ब्रशने साफ करायला जाऊ नका, ती भुकटी म्हणजे धूळ नाही, त्या किड्याचीच आहे.

जुनं लेबल काढायचं नाही, सरळ करायचं नाही, चुकीचं नाव असलं तरी त्यावर खाडाखोड नाही. आपलं मत आपल्या वेगळ्या लेबलवर, नाव आणि वर्ष घालून, सगळ्यात खाली. पुढच्या माणसाला कोणी कधी काय म्हटलं होतं ते एका पिनेवर ओळीने वाचता आलं पाहिजे. लोनमधून नवीन जात निघाली तर होलोटाइप मूळ मालकाकडेच परत जातो, पॅराटाइपपैकी, म्हणजे वर्णनात होलोटाइपसोबत धरलेल्या बाकीच्या नमुन्यांपैकी, एखादा ठेवून घ्यायचा असेल तर लेखी परवानगी घ्या, आणि पेपरमध्ये होलोटाइप कुठे ठेवलाय ते स्पष्ट लिहा, प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे ते लिहावंच लागतं.

मुदत संपत आली आणि काम राहिलं असेल तर मुदतीच्या आधी महिनाभर मेल करून वाढवून मागा, सहसा मिळते. गप्प बसलात तर पुढच्या वेळी तुमच्या संस्थेतल्या दुसऱ्या कोणाला तरी नकार मिळेल.

परत पाठवताना पिना खोल रोवा, मायक्रोव्हायल किंवा मोठा किडा असलेल्या पिनेच्या दोन्ही बाजूंना आधाराच्या दोन पिना लावा म्हणजे ती गोल फिरून शेजाऱ्याला धडकणार नाही. डब्याबाहेर दुसरा मोठा डबा आणि मध्ये चारही बाजूंनी, वरखाली सुद्धा, किमान चार बोटं मऊ भरण. बाहेर लिहा की आत वाळवलेले मृत कीटक आहेत, संशोधनासाठी आहेत, विक्रीचे नाहीत. कोणी ओळखीचं त्या शहरात जात असेल तर सरळ हातात द्या, कुरिअरपेक्षा मांडीवर ठेवून नेलेला डबा केव्हाही बरा. निघायच्या आधी परत एकदा फोटो, यादीची एक प्रत आत, एक मेलने. आणि पोच आल्यावर ती छापून लोनच्या फाईलला लावा, ती येईपर्यंत ते नमुने तुमच्याच नावावर आहेत.